घरात रोपं लवकर वाढवायची तर: बी तपासण्यापासून रोप बाहेर नेईपर्यंत

बी रुजून आठवडा होतो न होतो तोच टोमॅटोचं रोप बोटभर उंच जातं. खोड पांढुरकं, मान खिडकीकडे वळलेली. आपण कौतुकाने म्हणतो, काय झपाट्याने वाढतंय! प्रत्यक्षात ते रोप उपाशी असतं. प्रकाश पुरत नाही, म्हणून बियात उरलेला साठा ते खोड लांबवण्यावर उधळत असतं. अशी रोपं पुढे मागेच पडतात आणि त्यातली बरीचशी मोठ्या कुंडीत जायच्या आधीच आडवी होतात.

म्हणून ‘लवकर वाढ’ कशाने मोजायची ते आधी ठरवून घेऊ. ठरावीक वयात खरी पानं (उगवताना दिसणाऱ्या बीजदलांच्या जोडीनंतर येणारी) किती आली, खोड किती जाड झालं आणि मुळांभोवतीच्या मातीचा गोळा हलकेच उपसून पाहिला तर पांढरी मुळं कुठवर पोचली, ही तीन मापं. उंचीकडे सगळ्यात शेवटी बघायचं.

एफ. एफ. ब्लॅकमन या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०५ साली एक तत्त्व मांडलं. एखादी क्रिया अनेक घटकांवर अवलंबून असेल तर त्यातला सगळ्यात तोकडा घटक तिचा वेग ठरवतो. बाकीचे कितीही वाढवले तरी फरक पडत नाही. घरातल्या रोपांपुरतं सांगायचं तर उगवण होईपर्यंत तोकडं पडतं ते मातीचं तापमान, आणि उगवणीनंतर जवळजवळ नेहमीच प्रकाश. खताचा नंबर फार मागचा. पण आपला हात मात्र सगळ्यात आधी खताच्या डब्याकडे जातो. खालचा क्रम त्यामुळेच जरा वेगळा वाटेल.

बियाणं

जुनं बियाणं असेल तर पेरण्याआधी उगवण तपासा. ओलसर कागदी रुमालावर वीस बिया पसरा, गुंडाळी करून झाकणाच्या डब्यात उबदार जागी ठेवा. सोळा-सतरा बियांना मोड आले तर बियाणं उत्तम. दहांनाच आले तर दुप्पट पेरा. पाचच्या खाली गेले तर ते पाकीट विसरा, कारण म्हातारं बी उगवलं तरी त्याचं रोप दुबळं निघतं. कांद्याच्या बियाचा जोम वर्षभरात ओसरू लागतो. टोमॅटो आणि काकडीचं बी नीट कोरडं ठेवलं तर चार-पाच वर्षं टिकतं.

भिजवणं सगळ्यांनाच लागत नाही. भेंडी, कारलं यांसारख्या कडक सालीच्या बिया रात्रभर भिजवल्या तर एक-दोन दिवस वाचतात. वाटाणा आणि घेवडा बारा तासांपेक्षा जास्त पाण्यात ठेवू नका. त्यांना हवा मिळत नाही आणि ते कुजतात. टोमॅटो, मिरची, वांगं कोरडंच पेरलं तरी चालतं.

खोलीचा साधा नियम म्हणजे बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. लेट्यूस, पिटुनिया, बेगोनिया यांचं बी मात्र पृष्ठभागावरच ठेवून हलकं दाबायचं, कारण त्यांच्या उगवणीला प्रकाशाची मदत होते. १९५२ साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथल्या संशोधकांनी लेट्यूसच्या बियांवर आलटून पालटून लाल आणि दूर-लाल, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारा गडद लाल, प्रकाश सोडला. शेवटचा प्रकाश लाल असेल तर बी उगवायचं, दूर-लाल असेल तर निपचित पडून राहायचं. वनस्पतीला उजेडाची ‘जात’ कळते, हे यातून पक्कं झालं. ही गोष्ट पुढे दाटीच्या संदर्भात पुन्हा लागणार आहे.

माध्यम

बागेतली माती उथळ ट्रेमध्ये भरू नका. जमिनीत भुसभुशीत असणारी तीच माती लहानशा कप्प्यात दोन पाण्यांत घट्ट बसते, आणि सोबत बुरशीही घेऊन येते. दोन भाग कोकोपीट, एक भाग परलाइट (माध्यम हवेशीर ठेवणारे हलके पांढरे खडे) आणि एकूण मिश्रणाच्या दहा-पंधरा टक्के चाळलेलं, पूर्ण कुजलेलं गांडूळखत एवढं पुरतं. गांडूळखत याहून वाढवलं तर क्षार वाढतात आणि कोवळ्या मुळांची टोकं भाजतात.

कोकोपीट धुऊन घ्या. त्यात बऱ्याचदा सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात. भरपूर पाण्यात भिजवा, पिळून पाणी टाकून द्या, असं दोन-तीनदा करा. ईसी मीटर, म्हणजे पाण्यातले क्षार मोजणारं यंत्र, असेल तर निथळणाऱ्या पाण्याचं माप ०.५ मिलिसिमेन्सच्या आसपास किंवा खाली आलं की थांबा. सामू (पीएच) ५.५ ते ६.५ असावा.

ट्रे भरताना मिश्रण आधीच ओलं केलेलं हवं: मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाण्याचे एक-दोनच थेंब यावेत. कोरडं कोकोपीट ट्रेमध्ये भरून वरून पाणी घातलं की पाणी कडेने निसटून जातं आणि मधला भाग कोरडाच राहतो.

उगवणीपर्यंत: ऊब

तापमानाचा परिणाम किती मोठा आहे ते आकड्यांतच बघा. टोमॅटोचं बी १० अंश सेल्सिअसच्या मातीत वर यायला सुमारे ४३ दिवस घेतं, १५ अंशांना १४, २० अंशांना ८ आणि २५ अंशांना ६. मिरचीला १५ अंशांना २५ दिवस लागतात, २५ अंशांना आठ-नऊ. म्हणजे थंड खोलीत ज्या मिरचीचं बियाणं खराब निघालं असं आपण ठरवतो, तिला बहुधा दहा अंश कमी पडलेले असतात.

लक्षात घ्या, हे तापमान मातीचं आहे. ओल्या माध्यमातून पाणी उडत असतं, त्यामुळे ते खोलीच्या हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी थंड असतं. खोलीत २२ दाखवत असेल तर बियाजवळ १९-२० सुद्धा असू शकतं. साधा प्रोब असलेला थर्मामीटर कप्प्यात खुपसून ठेवा. टोमॅटो, मिरची, वांगं, काकडी यांना २५ ते २८ अंश ठेवले की काम झालं. ट्रेखाली थर्मोस्टॅट असलेली हीट मॅट, म्हणजे ठरवलेलं तापमान राखणारी विजेची गरम चटई, हा त्यावरचा सगळ्यात खात्रीचा उपाय. फ्रिजवर ट्रे ठेवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो, पण हल्लीच्या बऱ्याच फ्रिजचं डोकं गरम नसतंच. आधी हात लावून बघा.

लेट्यूस आणि पालक यांचं उलटं आहे. लेट्यूस २० अंशांना तीन दिवसांत वर येतं आणि ३५ अंशांना उगवायचं नावच घेत नाही. त्यांच्या ट्रेखाली मॅट नको.

ट्रेवर पारदर्शक झाकण ठेवा म्हणजे ओल टिकते. पण निम्मी रोपं वर आली की झाकणही काढा आणि मॅटही बंद करा. राहिलेल्या निम्म्यांची वाट बघत झाकण आणखी चार दिवस ठेवण्याचा मोह आवरा. आधी आलेली रोपं त्या चार दिवसांत लांबतात आणि दमट हवेत बुरशी धरतात.

उगवल्या क्षणापासून: प्रकाश

डोळा इथे पक्का फसवतो. बाहेर लख्ख उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. आपल्याला छान उजेडाची वाटणारी खोली बहुधा पाचशे लक्सच्या आतबाहेर असते. बाहुली लहानमोठी होऊन डोळा जुळवून घेतो, रोपाला ती सोय नाही. खिडकीपासून हातभर मागे सरकलं तरी प्रकाश निम्म्याहून कमी होऊ शकतो. थेट ऊन दिवसाचे सहा-सात तास मिळेल अशी खिडकी असेल तर तिच्यावर भिस्त ठेवता येते. नसेल तर दिवा लावा आणि विषय संपवा.

किती प्रकाश हवा? रोपाच्या दृष्टीने मोजायचं एकक आहे दर सेकंदाला दर चौरस मीटरवर पडणारे प्रकाशकणांचे मायक्रोमोल (दहा लाख मायक्रोमोल म्हणजे एक मोल). भाजीपाल्याच्या रोपांना १५० ते २५० मायक्रोमोल, रोज १४ ते १६ तास. त्याचं महागडं मीटर घ्यायची गरज नाही. पांढऱ्या एलईडीसाठी एक मायक्रोमोल म्हणजे ढोबळ मानाने ७० लक्स, त्यामुळे मोबाइलवरच्या लक्स मीटरने पानांच्या उंचीवर १०,००० ते १७,००० लक्स दाखवायला हवं. मोबाइलचा सेन्सर थोडा इकडेतिकडे दाखवेल, पण आपल्याला दोन हजार आहे की बारा हजार एवढंच कळायला हवं, आणि ते कळतं.

आता दिवसभराची गोळाबेरीज. २०० मायक्रोमोल सोळा तास दिले तर दिवसाला साडेअकरा मोल होतात. रोपांसाठी दिवसाला १० ते १५ मोल मिळाले की ती बाळसं धरतात. दिवा थोडा कमजोर असेल तर तास वाढवून भरपाई होते, पण अठरा तासांच्या पुढे जाऊ नका. चोवीस तास उजेडात टोमॅटोची पानं पिवळी पडून खराब होतात. टायमर लावा, रोज हाताने चालू-बंद करणं चार दिवस निभतं, पाचव्या दिवशी राहून जातं.

दिवा कोणता? १२० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद फळीसाठी २० वॉटच्या साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब, तीन किंवा चार, शेजारी-शेजारी, पानांपासून १० ते १५ सेंटिमीटरवर. रंग ५००० ते ६५०० केल्विन असेल तर निळ्या भागामुळे रोप बुटकं, गच्च राहतं. जांभळ्या दिव्यांचं मला फारसं कौतुक नाही: त्या रंगात पानाचा पिवळेपणा किंवा डाग ओळखू येत नाही, आणि चांगला पांढरा एलईडी तेवढंच काम करतो. ‘ग्रो लाइट’च्या खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या वॉटवर जाऊ नका. तो आकडा पुष्कळदा अमुक बल्बच्या बरोबरीचा म्हणून दिलेला असतो. दिवा खरोखर किती वॉट वीज ओढतो ते बारीक अक्षरात असतं, तेच खरं. ताकदवान पॅनल असेल तर ते ३० ते ६० सेंटिमीटर वर टांगावं लागतं. फळीच्या बाजूंना पांढरा पुठ्ठा उभा केला की कडेच्या रोपांनाही पुरेसा उजेड मिळतो. फुकटात मिळणारी सुधारणा म्हणून ही माझी सगळ्यात आवडती.

रोपं वाढतील तसा दिवा वर सरकवा, म्हणून तो साखळीवर टांगलेला बरा. दिवा खिळवलेलाच असेल तर उलटं करा, ट्रेखाली पुठ्ठे किंवा ठोकळे ठेवून एकेक काढत जा.

आणि दाटी. शेजारच्या पानावरून परतणाऱ्या प्रकाशात दूर-लाल भाग जास्त असतो. तो पोचला की रोपाला शेजारी कोणीतरी आपल्यावर सावली धरणार असं कळतं आणि प्रत्यक्ष सावली पडायच्या आतच ते उंच पळू लागतं. त्यामुळे एका कप्प्यात तीन रोपं ठेवून ‘बघू कोणतं चांगलं निघतं’ असं करू नका. पहिलं खरं पान दिसताच एक ठेवा, बाकीची कात्रीने बुडाशी कापा. उपटली तर राहिलेल्याची मुळं हलतात.

प्रकाशाच्या मापात ऊब

उगवणीनंतर तापमान खाली आणायचं: टोमॅटोला दिवसा २० ते २४ अंश, रात्री १६ ते १८, मिरची-वांग्याला दोनेक अंश जास्त. लेट्यूसला दिवसा १६ ते २० पुरे. ऊब जास्त म्हणजे वाढ जास्त हे खरं, पण पोटाला पुरेसा प्रकाश असेल तरच. कमी उजेडात गरम ठेवलेलं रोप हमखास लांबतं. दिवा वाढवता येत नसेल तर खोली थंड करा. पानं थोडी उशिरा येतील, पण रोप धड राहील.

हरितगृहवाले वापरतात ती एक युक्ती घरीही जमते. खोडाची लांबी वाढते ती मुख्यतः पहाटेच्या सुमारास. दिवे लागण्याच्या वेळी पहिले दोन तास खोली तीन-चार अंशांनी थंड ठेवली, म्हणजे बाहेर गारवा असेल तर खिडकी उघडली, तर रोपं बुटकी राहतात.

पाणी आणि वारा

घरातली बहुतेक रोपं तहानेने मरत नाहीत, पाण्याने मरतात. मुळांना ओल हवी तशी हवाही हवी; सतत चिंब माध्यमात वाफसा येतच नाही आणि वाढ थबकते. पाणी कधी द्यायचं हे वारावर ठरवू नका, ट्रे उचलून वजनावर ठरवा. भरपूर पाणी दिल्यावर ट्रे एकदा उचलून वजन हाताला ओळखीचं करून घ्या. जवळजवळ निम्मं हलकं झालं आणि वरचा थर फिकट दिसू लागला की पाणी द्या. देताना ट्रे पंधरा-वीस मिनिटं उथळ पाण्यात ठेवा, मग उचला आणि उरलेलं पाणी फेकून द्या. पाणी खोलीच्या तापमानाचं असू द्या; थंडगार पाण्याने आपण कमावलेली मातीची ऊब एका झटक्यात जाते.

खालून पाणी दिल्याने वरचा थर कोरडा राहतो आणि रोप कोलमडण्याचा रोग टळायला मदत होते. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशींमुळे खोड मातीच्या पातळीवर पाणचट होऊन दोऱ्यासारखं बारीक पडतं आणि रोप एका रात्रीत मान टाकतं. ते वाचत नाही. त्या कप्प्यातलं रोप आणि माध्यम दोन्ही काढून टाका, झाकण काढा, पंखा लावा. जुने ट्रे वापरण्याआधी साबणाने घासून सौम्य ब्लीचच्या पाण्यात बुडवून काढणं आणि पेरणीच्या मिश्रणात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळणं हे खरे उपाय. दालचिनीची पूड भुरभुरवायचा सल्ला सर्वत्र दिसतो. रोग लागल्यानंतर तिच्यावर विसंबू नये.

पंख्याचा फायदा बुरशीपुरता नाही. हेलकावे बसले की रोप खोड जाड करतं आणि उंची आवरतं. स्पर्शाने वाढीत होणाऱ्या या बदलाला मार्क जाफी यांनी १९७३ साली थिग्मोमॉर्फोजेनेसिस असं भारदस्त नाव दिलं. लहान पंखा सगळ्यात मंद वेगावर, पानं नुसती थरथरतील एवढाच, दिवसाचे काही तास. पंखा नसेल तर तळहात रोज दोनदा, दहा-बारा वेळा, रोपांच्या शेंड्यांवरून हलकेच फिरवा. पानं ओली असताना मात्र हात लावू नका, नाहीतर रोग एका रोपावरून दुसऱ्यावर आपणच पोचवू.

खत

पहिलं खरं पान येईपर्यंत खत नको. तोवर बीजदलांतला साठा पुरतो. त्यानंतर पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के) लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, पाण्याच्या वेळीच. यातून लिटरमागे सुमारे ९५ मिलिग्रॅम नत्र जातं आणि ते पुरेसं आहे. पानं गडद, लुसलुशीत आणि मऊ व्हायला लागली तर कमी करा. कोरड्या माध्यमावर खताचं पाणी ओतू नका. कार्बन डायऑक्साइड वाढवण्याच्या फंदात पडू नका. माणसं वावरतात त्या खोलीत तो बाहेरच्यापेक्षा जास्तच असतो.

मोठ्या कुंडीत

मुळं कप्प्याच्या कडेने गोल फिरू लागण्याआधी रोप हलवा. साधारण दोन ते तीन खरी पानं ही वेळ. यात उशीर झाला तर वाढ अडखळते आणि ते दिवस परत मिळत नाहीत. एकदम मोठ्या कुंडीतही नेऊ नका: मुळं पोचत नाहीत तिथलं माध्यम ओलंच राहतं. आठ-दहा सेंटिमीटरची कुंडी बरोबर. रोप पानाने धरा, खोडाने नको. पान फाटलं तर दुसरं येईल, चिरडलेलं खोड भरून येत नाही.

टोमॅटो बीजदलांपर्यंत खोल लावा, खोडाला नवी मुळं फुटतात. लांबलेल्या टोमॅटोला वाचवायचा हा एकमेव सोपा मार्ग. मिरचीला खोडावर इतक्या सहज मुळं फुटत नाहीत, तिला होती त्याच पातळीवर किंवा किंचित खाली. काकडी, भोपळा, घेवडा यांना मुळं हललेली आवडत नाहीत. त्यांना सुरुवातीपासूनच मोठ्या कपात पेरा.

रोप काय सांगतंय

रोज मिनिटभर ट्रेकडे नीट बघितलं तर बरंच आधी कळतं. खोड लांब आणि पानं फिकट: प्रकाश कमी, किंवा उजेडाच्या मानाने ऊब जास्त. पानांची खालची बाजू जांभळट: मुळं गारठली आहेत, त्यांना स्फुरद उचलता येत नाही, खत वाढवू नका, ट्रे उबदार करा. शेंड्याची पानं पांढरट पडून कडा वर वळलेल्या: दिवा फार जवळ. कडा तपकिरी, करपलेल्या: क्षार साचले, एकदा साध्या पाण्याने वरून धुऊन निथळू द्या. माध्यम ओलं, तरी रोप मरगळलेलं: मुळं गुदमरली आहेत, पाणी थांबवा. छोट्या काळ्या माश्या उडताना दिसल्या तर वरचा थर सुकू द्या आणि पिवळे चिकट सापळे लावा. सगळं ठीक असूनही वाढ दिसत नसेल तर माध्यमातलं तापमान पुन्हा मोजा.

बाहेर नेताना

टोमॅटो पाच-सहा आठवड्यांत, मिरची सात-आठ, लेट्यूस तीन-चार आणि काकडी तीन आठवड्यांत बाहेर जायला तयार होते. घरात वाढलेल्या पानाने अतिनील किरणं जवळजवळ पाहिलेलीच नसतात. काच त्यातला बराच भाग अडवते. थेट उन्हात ठेवलं तर एका दुपारीत पानांवर पांढरे चट्टे पडतात आणि पंधरवड्याची कमाई जाते. म्हणून सात ते दहा दिवस द्या. पहिले दोन दिवस सावलीत, वाऱ्याच्या आडोशाला, तास-दोन तास. मग सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास, रोज तासाभराने वाढवत. या काळात खत बंद आणि पाणी थोडं हात राखून, पण पानं कोमेजू न देता. टोमॅटो, मिरची आणि काकडी रात्री तापमान १२ अंशांखाली जात असेल तर आत घ्या.

लावायचा दिवस ढगाळ निवडा किंवा संध्याकाळ धरा. लावण्याच्या तासभर आधी ट्रेला भरपूर पाणी द्या, म्हणजे गोळा न फुटता निघतो. लावून झाल्यावर बुडाशी पाणी घाला, आणि पहिले तीन-चार दिवस दुपारच्या उन्हात रोपांवर काहीतरी सावली धरा.